सॉफ्टवेअर रेडिओवरील क्षीण रिसेप्शन : निदान व उपाय

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ, म्हणजेच एसडीआर, हा असा रेडिओ ग्राही आहे की ज्यात अँटेनाकडून आलेल्या लहरींचे अंकांत रूपांतर शक्य तितक्या लवकर केले जाते आणि नको ते गाळणे, हवे ते वेगळे काढणे व त्यातून आवाज किंवा माहिती मिळवणे ही पुढची सारी कामे संगणकावरील सॉफ्टवेअर करते. नवशिक्यांच्या हाती येणारा एसडीआर बहुतेक वेळा रिअलटेक कंपनीच्या आरटीएल २८३२ यू या चिपवर आधारलेला यूएसबी डोंगल असतो. हा डोंगल मुळात डिजिटल दूरदर्शन पाहण्यासाठी तयार झाला होता. त्यातील कच्चे नमुने, म्हणजे लहरीची क्षणोक्षणी मोजलेली अंकरूप मूल्ये, थेट संगणकात घेता येतात हे २०१२ मध्ये जगभरच्या हौशी अभ्यासकांच्या लक्षात आले आणि तेव्हापासून स्वस्त एसडीआर सर्वत्र पसरला. आर ८२० टी जातीचा ट्यूनर, म्हणजे हवी ती वारंवारता निवडणारी चिप, बसवलेला डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी घेतो. अशा ग्राहीवर अपेक्षित केंद्र न लागणे, लागले तरी खरखरीत बुडून जाणे किंवा विमानांचे संदेश अगदी जवळूनच मिळणे, या तक्रारींना एकत्रितपणे क्षीण रिसेप्शन म्हटले जाते. प्रस्तुत नोंदीत तिची कारणे आणि ती शोधण्याची रीत सोलापूर शहर व परिसरातील परिस्थिती ध्यानात घेऊन दिली आहे.

तक्रार एकच दिसत असली, तरी तिच्या मुळाशी तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात : सिग्नल खरोखरच कमी पोहोचतो आहे, सिग्नल पुरेसा आहे पण भोवतीची खरखर त्याहून मोठी आहे, किंवा दुसऱ्याच एखाद्या बलवान सिग्नलने ग्राही भरून गेला आहे. तिन्हींचे उपाय परस्परांच्या विरुद्ध जाणारे आहेत, त्यामुळे निदान न करता केलेला खर्च बहुधा वाया जातो. पहिली चाचणी फुकट आहे. पडद्यावर वर्णपटाचा आलेख समोर ठेवून अँटेनाचा जोड काढावा आणि तळाची रेषा, म्हणजे नॉइज फ्लोअर, किती हलते ते पाहावे. एफएम पट्ट्याच्या आसपास, शहरी वस्तीत, अँटेना काढल्यावर ही रेषा थोडी खाली यायला हवी. ती जागची हललीच नाही, तर गेन, म्हणजे ग्राही सिग्नल किती पट वाढवतो ते प्रमाण, फार कमी ठेवलेला आहे किंवा अँटेना, केबल व जोड यांपैकी काहीतरी तुटलेले आहे. ती धाडकन खाली आली, तर खरखर बाहेरून येते आहे आणि ती हटवल्याशिवाय दुसरा इलाज नाही. १००० मेगाहर्ट्झच्या वर बाहेरची खरखर मुळातच कमी असते, म्हणून तेथे या चाचणीवर फारसे विसंबता येत नाही.

गेन हा नवशिक्याच्या गोंधळाचा सर्वांत मोठा विषय आहे. आवाज कमी येतो म्हणून गेन शेवटच्या टोकाला नेणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असली, तरी या डोंगलमधील अंकीकरण केवळ ८ बिटांचे आहे, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या सिग्नलमधले जे अंतर तो एकाच वेळी पेलू शकतो ते सुमारे ५० डेसिबेल, शक्तीच्या भाषेत एकास एक लाख, एवढेच आहे. गावातले एफएम प्रक्षेपण हाकेच्या अंतरावर असेल, तर त्याच्या जोराने ट्यूनर भरून जातो, दूरचे क्षीण सिग्नल दबतात आणि जेथे कोणतेही केंद्र नाही अशा वारंवारतांवर त्याच कार्यक्रमाच्या भुताटकी नकला उमटतात. नक्कल ओळखण्याची खूण सोपी आहे. गेन एक-दोन पायऱ्या उतरवला की खरा सिग्नल तेवढाच उतरतो, नक्कल मात्र त्याहून कितीतरी अधिक घसरते किंवा नाहीशीच होते. योग्य गेन शोधण्यासाठी स्वयंचलित गेन बंद करून शून्यापासून सुरुवात करावी, एकेक पायरी चढावी आणि सिग्नल व तळरेषा यांमधील उंची वाढायची थांबली की तेथेच थांबावे. त्यापुढे सिग्नलबरोबर खरखरही तितकीच वर येते. पट्टा बदलला की ही कसरत पुन्हा करावी लागते. एवढे करूनही एफएमचा उपद्रव राहिला, तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर अँटेना आणि डोंगल यांच्यामध्ये बसवणे हा खात्रीचा मार्ग आहे.

अँटेनाची जागा हा दुसरा मोठा विषय असून त्यात सोलापूरची घरे फार महत्त्वाची ठरतात. पूर्व भागातील यंत्रमागांच्या वस्तीत पत्र्याची छपरे सर्रास आढळतात, आणि पत्र्याखाली टेबलावर ठेवलेला अँटेना जवळजवळ झाकलेल्या डब्यात असल्यासारखा असतो. जाड दगडी भिंतींचे जुने वाडे आणि लोखंडी सळ्यांचे स्लॅब यांचाही परिणाम त्याच दिशेचा आहे. हाच पत्रा अँटेनाखाली आला की मात्र उपयोगी पडतो. डोंगलबरोबर मिळणाऱ्या चुंबकी बुडाच्या उभ्या अँटेनाला खाली धातूचे सपाट पृष्ठ लागते, कारण तेच त्याचा दुसरा अर्धा भाग होते. छपराच्या पत्र्यावर तो चिकटवला की ही गरज आपोआप भागते. घरात प्रयोग करायचा असेल, तर भाकरीचा लोखंडी तवा पालथा ठेवून त्यावर चुंबक बसवावा. विमाने आपले स्थान कळवणारे संदेश ज्या १०९० मेगाहर्ट्झवर पाठवतात, त्या लहरीच्या लांबीचा चतुर्थांश ६.९ सेंटिमीटर भरतो आणि तव्याची त्रिज्या त्याहून मोठी असल्याने तेवढे पृष्ठ पुरते. दांडीची लांबीही ६.९ सेंटिमीटरच ठेवावी. दांडी पूर्ण ओढली की अधिक पकडेल हा समज चुकीचा आहे. दोन भुजांच्या डायपोलची एकूण लांबी मीटरमध्ये काढायची असल्यास १४३ ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागावे. १०० मेगाहर्ट्झसाठी ती १.४३ मीटर, म्हणजे प्रत्येक भुजा सुमारे ७१ सेंटिमीटर येते. विमाने व वायरलेस संच यांचे प्रक्षेपण उभ्या ध्रुवणाचे, म्हणजे लहर उभ्या दिशेत हेलकावणारे, असते. त्यासाठी आडवा ठेवलेला अँटेना २० डेसिबेलपर्यंत गमावू शकतो.

या लहरी बव्हंशी सरळ रेषेत जातात, त्यामुळे उंची हीच खरी कमाई. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये काढण्यासाठी मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१२ ने गुणतात. १० मीटर उंचीच्या गच्चीवरून ते सुमारे १३ किलोमीटर येते, तर १०,००० मीटरवरून जाणाऱ्या विमानासाठी सुमारे ४१२ किलोमीटर. सोलापूर सपाट पठारावर वसले असून सह्याद्रीसारखी भिंत जवळपास नाही. म्हणून मोकळ्या गच्चीवरून दोनशे-तीनशे किलोमीटर दूरची विमाने दिसावीत ही अपेक्षा रास्त आहे. ती चाळीस-पन्नास किलोमीटरवरच संपत असतील, तर दोष आकाशात नाही, जोडणीत आहे.

तो दोष पुष्कळदा केबलमध्ये असतो. डोंगलसोबत येणारी बारीक, आरजी १७४ जातीची केबल १०९० मेगाहर्ट्झला दर मीटरमागे सुमारे १ डेसिबेल खाते. गच्चीपासून खोलीपर्यंत अशी १० मीटर ओढली, तर आलेल्या शक्तीचा जेमतेम दहावा भाग हाती लागतो. केबल टीव्हीवाल्यांकडे सहज मिळणारी आरजी ६ तेवढ्याच लांबीत २ डेसिबेलच्या आसपास घालवते. ती ७५ ओहमची आणि डोंगल ५० ओहमचा, ही विसंगती नवशिक्यांना उगाच घाबरवते. प्रत्यक्षात तिच्यामुळे होणारी घट ०.२ डेसिबेलहूनही कमी आहे. त्याहून चांगली युक्ती म्हणजे डोंगलच अँटेनापाशी नेऊन यूएसबीची तार लांब करणे. क्षीण सिग्नल वाढवणारा प्रवर्धक लावायचाच असेल, तर तो अँटेनाच्या बुडाशी लावावा. केबलच्या खालच्या टोकाला, डोंगलजवळ लावलेला प्रवर्धक केबलने आधीच खाल्लेले परत देत नाही.

खरखरीचा उगम शोधताना घरापासून सुरुवात करावी. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवला की किती फरक पडतो ते लगेच दिसते. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सौर इन्व्हर्टर यांची खरखर पडद्यावर समान अंतरावरच्या, हळूहळू सरकणाऱ्या उभ्या रेषांच्या रूपात येते. वीज जाण्याची वेळ ही या शोधासाठी उत्तम संधी असते : बॅटरीवर चाललेल्या पडद्यावर तळरेषा एकदम खाली आली, तर उगम आपल्या किंवा शेजारच्या वीजजोडणीवर आहे हे सिद्ध होते. एकट्या घराचा मेन स्विच पाडून पाहिले की तो आपला की शेजारचा हेही कळते. यंत्रमागांना सरसकट दोष देण्याची प्रवृत्ती आढळते, पण मागाची साधी इंडक्शन मोटर रेडिओच्या दृष्टीने बरीच शांत असते. त्रास होतो तो ठिणगी पडणाऱ्या स्टार्टरचा, सैल जोडांचा आणि नव्या मागांवरील वेग-नियंत्रकांचा. यांपैकी नियंत्रकांची खरखर मुख्यतः ३० मेगाहर्ट्झच्या खाली बसते. वीजवाहिन्यांवरील सैल कड्या व धूळ बसलेले इन्सुलेटर कोरड्या हवेत ठिणग्या टाकतात आणि पाऊस पडला की पुष्कळदा शांत होतात. सोलापूरचा कोरडा काळ मोठा असल्याने हा प्रकार येथे लक्षात ठेवण्याजोगा आहे. यूएसबीच्या तारेवर फेराइटचे कडे बसवणे हा स्वस्त व बऱ्याच अंशी गुणकारी उपाय आहे.

उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला की पत्र्याखालचा डोंगल अधिकच तापतो. त्यातील साध्या स्फटिकाची वारंवारता काही दशलक्षांश भागांनी (पीपीएम) आधीच चुकलेली असते, ती उष्णतेने आणखी सरकते. ५० दशलक्षांशांची चूक १०० मेगाहर्ट्झला ५ किलोहर्ट्झ, तर १०९० मेगाहर्ट्झला ५४ किलोहर्ट्झहून अधिक होते. अरुंद पट्ट्याचा सिग्नल त्यामुळे गाळणीबाहेर पडतो आणि तो क्षीण असल्याचा भास होतो. डोंगल वीस-तीस मिनिटे तापू द्यावा आणि मगच पीपीएमची दुरुस्ती करावी. तापमानानुसार स्वतःला सावरणाऱ्या स्फटिकाचे डोंगल थोडे महाग असतात, पण सोलापूरसारख्या गावी ती किंमत मोजावी.

सॉफ्टवेअरमधील चुका लवकर सुटतात. एफएम केंद्रासाठी रुंद एफएम व सुमारे २०० किलोहर्ट्झचा पट्टा, वायरलेस संचांसाठी अरुंद एफएम, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवरील वैमानिकांच्या संभाषणासाठी एएम, ही निवड चुकली की चांगला सिग्नलही फाटका ऐकू येतो. नमुन्यांचा वेग २४ लाख प्रतिसेकंद याच्या पुढे नेल्यास नमुने गळू लागतात आणि आवाज तुटतो.

मध्यमलहरी केंद्र लागत नाही ही तक्रार मात्र वेगळ्या वर्गात मोडते. ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा हा पट्टा ट्यूनरच्या कक्षेबाहेर आहे. त्यासाठी डोंगलमध्ये थेट नमुने घेण्याची सोय किंवा वारंवारता वर नेणारा कन्व्हर्टर लागतो आणि शिवाय काही मीटर लांबीची तार. तसेच १३७ मेगाहर्ट्झवर नोआ १५, १८ व १९ या हवामान उपग्रहांची चित्रे शोधणाऱ्याला आता काहीच मिळणार नाही, कारण हे तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये सेवेतून निवृत्त झाले. जुन्या मार्गदर्शिका वाचून कित्येक जण अँटेना बदलत बसतात. त्यांनी रशियाच्या मेटिओर मालिकेतील चालू उपग्रहांकडे वळावे.

एप्रिल-मेमधील वळिवाच्या विजा गच्चीवरील अँटेनामार्फत डोंगलपर्यंत पोहोचतात. वीज थेट न पडताही जवळच्या कडकडाटाने ट्यूनरचा नाजूक अग्रभाग निकामी होऊ शकतो आणि मग डोंगल चालू दिसतो, संगणक त्याला ओळखतो, पण गावातले एफएमही जेमतेम लागते. तोच अँटेना, तीच केबल व त्याच मांडणीवर दुसरा डोंगल लावून पाहणे ही त्याची निर्णायक चाचणी होय. दुसऱ्यावर केंद्र स्पष्ट लागले, तर पहिला दुरुस्त करण्याच्या फंदात न पडता बदलावा आणि ढग गडगडू लागले की अँटेनाची केबल डोंगलपासून काढून घराबाहेर सोडावी.