सोनखत, मैला, सेप्टेज

सेप्टिक टाकीतून जे उपसतात त्याला नगरपालिकेच्या कागदात सेप्टेज म्हणतात, गाडीवाला मैला म्हणतो. वाळून भुसभुशीत झाले की त्याचेच खत होते. जुना शब्द मात्र आता कोणी काढत नाही : सोनखत.

टोपलीच्या संडासांच्या काळात गावाबाहेर मैला आणि कचरा थरावर थर देऊन कुजवत. १९३० च्या आसपास इंदूर पद्धत रुळली. तिच्यात ढीग वरचेवर उलथावा लागे. नंतरच्या बंगळूर पद्धतीत चर मातीने लिंपला की चार-सहा महिने त्याकडे बघायचे नाही. स्वातंत्र्यानंतर कणकवलीत सोनखताचे प्रयोग झाले. शेताला खत मिळे, पण टोपली डोक्यावर घेणारी माणसे ठरावीक जातींचीच असत. सोनखताचे गोडवे गाणाऱ्यांनी ही बाजू बहुधा दोन ओळींत उरकली. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी ती प्रथा बेकायदा ठरवली. तिच्यासोबत शब्दही मागे पडला, ते बरेच झाले म्हणायचे. तोटा एवढाच, की शब्दाबरोबर खताचा हिशेबही गेला आणि मैला म्हणजे निव्वळ नजरेआड करायची वस्तू झाली.

२०१४ नंतर घरोघर संडास झाले, तशा टाक्याही भरू लागल्या आणि उपसा करणारे टँकर ओढ्यात रिकामे होऊ लागले. २०१५ मध्ये कर्नाटकात देवनहळ्ळीला शहरापुरते मैलाप्रक्रिया केंद्र उभे राहिले, फेब्रुवारी २०१७ मध्ये मैला व सेप्टेज व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण आले. वाई आणि सिन्नरने तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी उपसण्याचे वेळापत्रक बसवले. महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान शहरांच्या वाट्याला मात्र गाळ वाळवायचे वाफेच आले.

वाफा म्हणजे खाली खडी, वर वाळू. त्यावर वीतभर गाळ सोडायचा. त्यात पंचाण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असते. ते खाली झिरपते, उरलेले ऊन ओढून घेते. दहा-पंधरा दिवसांत भेगा पडतात. पावसाळ्यासाठी वर पारदर्शक पत्रे लागतात. वाळला तरी जंतांची अंडी जिवंत राहतात, म्हणून ढीग काही महिने मुरवावा लागतो.

लेहमध्ये २०१७ साली झाडे लावलेले वाफे केले. मुळांमुळे पाणी झिरपायची वाट मोकळी राहते आणि काही वर्षे गाळ काढावा लागत नाही. आपल्याकडे साधेच वाफे घेतले. कारणे समजण्यासारखी आहेत : बांधायला सोपे, झाडे जगवायची कटकट नाही. पण साधा वाफा दर खेपेला फावड्याने खरवडावा लागतो. तो खरवडायला कोण उतरते, हे जाऊन बघावे.