साग संग्रहालय, निलंबूर

केरळ राज्याच्या मलप्पुरम जिल्ह्यातील, केवळ साग या एकाच वृक्षाला वाहिलेले संग्रहालय. निलंबूर गावापासून सुमारे ४ किमी. अंतरावर, गुडलूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत केरळ वन संशोधन संस्थेच्या उपकेंद्राच्या आवारात ते आहे. १९९५ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय आपल्या प्रकारचे जगातील पहिले मानले जाते. ‘टीक’ हा शब्द इंग्रजीत गेला तो मलयाळममधील ‘तेक्कु’ या नावावरून, पोर्तुगीजांमार्फत.

या संग्रहालयाची पार्श्वभूमी समजण्यासाठी मुंबईच्या गोदीकडे पाहावे लागते. अठराव्या शतकात वाडिया घराण्यातील कारागिरांनी मुंबईत सागवानी जहाजे बांधायला घेतली आणि त्यांची कीर्ती ब्रिटिश आरमारापर्यंत पोहोचली. सागाचे लाकूड तेलकट, वाळवीला दाद न देणारे आणि पाण्यात सहसा न कुजणारे. लोखंडी खिळाही त्यात लवकर गंजत नाही. मलबारच्या (आजच्या उत्तर केरळच्या) सागापासून १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे लढाऊ जहाज आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले असून ते अजूनही पाण्यावर तरंगते. मात्र जहाजांना लागणाऱ्या ओक या विलायती झाडाच्या लाकडाच्या तुटवड्याने त्रस्त झालेल्या ब्रिटिशांची भूक मोठी होती. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याला मलबारचा वनसंरक्षक नेमून लाकडावर मक्तेदारी बसवण्यात आली. जमीनदार व व्यापाऱ्यांच्या तक्रारी वाढल्यावर मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याच्या कारकिर्दीत, १८२३ मध्ये, ते पदच रद्द झाले. जंगलतोड मात्र थांबली नाही.

अखेर, तोडायला साग उरणार नाही हे लक्षात आल्यावर मलबारचा कलेक्टर हेन्री व्हॅलेंटाइन कॉनोली याने १८४० च्या दशकात निलंबूरला सागाची लागवड सुरू केली. सुरुवातीला बी रुजेना. सागाच्या फळाचे कवच टणक असते, त्यामुळे ते आलटून-पालटून भिजवावे व वाळवावे लागते. तरीही उगवण रेंगाळते. वनखात्यातील चातू मेनन यांनी चिकाटीने हे तंत्र जमवले आणि पुढे मोठे क्षेत्र लागवडीखाली आणले. लागवडीला नाव लागले ते कलेक्टरचे. रोपे जगवणारे मेनन मलबारबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाहीत. १८५५ मध्ये कॉनोलीची कोळिकोड येथे हत्या झाली. त्याच्या काळातील २.३१ हेक्टरांचा तुकडा ‘कॉनोलीज प्लॉट’ म्हणून चालियार नदीकाठी राखलेला असून ती जगातील सर्वांत जुन्या साग-लागवडींपैकी एक होय. संग्रहालय पाहून तेथे न जाणे म्हणजे अर्धेच पाहणे.

दुमजली इमारतीच्या दारातच एका सागाचे संपूर्ण मूळजाल उकरून मांडले आहे. जमिनीखालचा हा पसारा उभ्या झाडाकडे पाहून लक्षात येत नाही, त्यामुळे पाहणारा तेथेच थबकतो. परंबिकुळमच्या अरण्यातील ‘कन्निमारा’ या प्रचंड नैसर्गिक सागाचे चित्र, जुन्या वृक्षांचे बुंधे, सागवानी खांब, सामान आणि ‘उरू’ या पारंपरिक गलबताची प्रतिकृतीही आत आहे. उरू येथे असणे साहजिक आहे: ही गलबते बांधणारे बेपूर चालियारच्याच मुखाशी वसले असून निलंबूरचे ओंडके याच नदीतून कोळिकोडजवळच्या कल्लाई येथील वखारींकडे तरंगत जात. फुलपाखरांसह कीटकांचा संग्रहही आहे. सागाची पाने फस्त करणारी अळी हा लागवडीचा जुना शत्रू असल्याने तो येथे अस्थानी वाटत नाही. बाहेरच्या आवारात वनस्पती उद्यान आहे.

रेल्वेची कथाही लाकडाशीच निगडित आहे. शोरनूर–निलंबूर हा ६६ किमी.चा फाटा १९२७ मध्ये पूर्ण झाला, तो मुख्यतः लाकूड वाहून नेण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे रूळ उखडून नेले गेले आणि स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा टाकण्यात आले. आज प्रवासी गाडीतून जाताना स्थानकांवर दुतर्फा सागाची झाडे दिसतात. विदर्भातील सागवनांच्या आलापल्ली, बल्लारपूरकडच्या वाचकाला ती ओळखीची वाटतील: कोवळे पान चुरगळले की बोटे तशीच तांबडी होतात.