सॅच्युरेशन की व्हायब्रन्स? भंडारा, वारी आणि कासचा तेरडा

सोमवती अमावस्येला जेजुरीला काढलेला माझा एक फोटो आहे. गडाच्या पायऱ्यांवरून पालखी उतरतेय, वर हवेत भंडारा, खाली माणसांचा पूर. घरी येऊन लॅपटॉपवर उघडला आणि हिरमुसलो. डोळ्यांनी पाहिलेला पिवळा त्यात निम्मासुद्धा नव्हता. मग काय, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधला रंग वाढवणारा सॅच्युरेशनचा स्लायडर ओढला +४० वर.

फोटो झळकला खरा, पण हवेतला भंडारा हवेत राहिला नाही. भिंतीला ऑइल पेंट फासावा तसा एक सपाट पिवळा पट्टा तयार झाला आणि पालखी खांद्यावर घेतलेल्या माणसांचे कान केशरी झाले. फोटोग्राफीच्या ग्रुपवर टाकल्यावर पहिल्या नऊ-दहा कमेंट 'जबरदस्त', 'येळकोट येळकोट' अशा. त्यानंतर एक आली : "दादा, सॅच्युरेशन नको होतं, व्हायब्रन्स वापरा." मला तोवर वाटत होतं की ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. दोन्ही स्लायडर शेजारी शेजारी असतात, दोन्ही उजवीकडे ओढले की फोटो रंगीत होतो. मग दोन कशाला?

पंगतीतले दोन वाढपी डोळ्यांसमोर आणा. पहिला बासुंदीची बादली घेऊन निघतो आणि प्रत्येक वाटीत एकेक पळी ओततो. वाटी रिकामी असो की काठोकाठ भरलेली, त्याला फरक पडत नाही, मग भरलेली वाटी पानात सांडते. हा सॅच्युरेशन. दुसरा वाटीत डोकावतो. रिकामी दिसली तर भरपूर वाढतो, अर्धी असेल तर थोडं, भरलेली असेल तर पुढे सरकतो. हा व्हायब्रन्स. शिवाय या दुसऱ्याला एक खास सूचना असते : माणसांच्या कातडीचा रंग ज्या नारिंगी-तांबूस पट्ट्यात येतो, तिथे हात आखडता घ्यायचा.

सांडणं म्हणजे नेमकं काय, हे आकड्यांत पाहिलं की पक्कं बसतं. जेपेग फोटोतला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ या हद्दीत राहतो. तिन्ही सारखे असले की करडा रंग दिसतो, त्यांच्यात जितकं अंतर जास्त तितका रंग गडद. सॅच्युरेशन वाढवणं म्हणजे हे आकडे एकमेकांपासून लांब ओढणं. गडाच्या पायरीचा दगड समजा १३०, १२५, १२० असा आहे. त्याला ओढायला भरपूर जागा आहे. उन्हातला भंडारा मात्र समजा २५०, १९०, १५. लाल आधीच छताला टेकलाय, निळा जमिनीला. आणखी ओढलं तर लाल २५५ वर अडकतो, निळा शून्यावर बसतो. एका कणाचा निळा १५ होता, शेजारच्याचा २५, त्याच्या पलीकडचा ८. या बारीक फरकांतूनच आपल्याला भंडाऱ्याची भुकटी, तिच्या घड्या, तिच्यातून आलेला कवडसा दिसत असतो. सगळे शून्यावर आले की फरक संपला. उरला तो ऑइल पेंट.

झेंडू, गुलाल, पैठणीचा राणी रंग, हळदीच्या कार्यक्रमातले चेहरे, सगळ्यांची हीच गत. आपल्याकडच्या सणासमारंभात रंग मुळातच काठोकाठ भरलेले असतात, म्हणून सॅच्युरेशनचा स्लायडर इथे ढगाळ युरोपातल्या फोटोपेक्षा फार लवकर दगा देतो, असं माझं मत आहे. पैठण्या ऑनलाइन विकणाऱ्यांनी तर त्याला हातच लावू नये. गिऱ्हाइकाने फोटोतली राणी मागवली आणि घरी गुलाबी पोचली, तर साडी परत येणार.

फरक डोळ्यांनी बघायचा तर स्लायडर उलट्या दिशेला न्या. लाइटरूम या अडोबीच्या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये सॅच्युरेशन -१०० करा : फोटो पूर्ण कृष्णधवल. आता ते शून्यावर आणून व्हायब्रन्स -१०० करा : फोटो फिकटतो, जुन्या अल्बममधल्यासारखा दिसतो, पण गडद रंग तग धरून राहतात. दोन मिनिटांचा खेळ आहे, पण मला तरी वाचून कळलं नव्हतं ते या खेळाने कळलं.

थोडा इतिहास. सॅच्युरेशन ही कल्पना जुनी, रंगीत टीव्हीच्या 'कलर' बटणाइतकी ओळखीची. व्हायब्रन्स त्या मानाने कालचं पोर. पिक्समॅन्टेक नावाच्या डॅनिश कंपनीच्या रॉशूटर या सॉफ्टवेअरमध्ये ते होतं. अडोबीने ती कंपनी २००६ मध्ये विकत घेतली आणि २००७ मध्ये आलेल्या लाइटरूमच्या पहिल्या आवृत्तीत हा स्लायडर दिसला. फोटोशॉपमध्ये तो पुढच्या वर्षी सीएस४ सोबत पोचला. तिथे आणखी एक घोळ आहे. फोटोशॉपच्या व्हायब्रन्स लेयरमध्येही सॅच्युरेशन नावाचा स्लायडर असतो आणि तो ह्यू-सॅच्युरेशन या वेगळ्या टूलमधल्या सॅच्युरेशनपेक्षा सौम्य वागतो. नाव एक, स्वभाव दोन. मोबाइलवाल्यांसाठी : आयफोनच्या फोटो ॲपमध्ये दोन्ही स्लायडर आहेत. स्नॅपसीड या एडिटिंग ॲपमध्ये बरेच जण ॲम्बियन्स नावाच्या स्लायडरला व्हायब्रन्सचा भाऊ समजतात, पण तो रंगाबरोबर उजेड-सावलीही हलवतो, तेव्हा ते नातं धरू नका.

इथवर वाचून व्हायब्रन्स म्हणजे सज्जन आणि सॅच्युरेशन म्हणजे खलनायक असं वाटलं असेल, तर ते चूक आहे. ग्रुपवरच्या सल्ल्यांतली मोठी गल्लत हीच. "व्हायब्रन्स कितीही वाढव, काही होत नाही" हे मी अनेकदा वाचलंय. होतं, आणि वारीच्या फोटोत तर हमखास होतं.

दिवे घाटातला फोटो घ्या. पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, वर पावसाळी करडं आभाळ. वाढपी रिकामी वाटी शोधतोय, आणि या फोटोत सगळ्या वाट्या जवळपास रिकाम्याच. पांढऱ्या सदऱ्याच्या सावलीत आभाळाचा जो पुसटसा निळा उतरलेला असतो, जो एरवी कोणाच्या लक्षातही येत नाही, त्यालाच व्हायब्रन्स पोटभर वाढतो. धोतरं नीळ जास्त झाल्यासारखी दिसतात. आभाळ आजारी मोरपंखी होतं. चेहरे मात्र जिथल्या तिथे, कारण त्यांना हात लावायचा नाही. मग निळ्या कपड्यांत तपकिरी चेहरे असा विचित्र तुटकपणा येतो. अशा ठिकाणी आधी व्हाइट बॅलन्स नीट करायचा, सदरा खरंच पांढरा दिसेल इतका, आणि मगच व्हायब्रन्सकडे वळायचं. रात्रीच्या कीर्तनाचा फोटो जास्त आयएसओवर, म्हणजे कमी उजेडासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवून काढला असेल तर काळोखातले लाल-हिरवे ठिपकेही फिकट रंगांतच मोडतात. तेही फुलून वर येतात.

उलट सॅच्युरेशन जिथे उपयोगी पडतं अशा जागा आहेत. धुक्यातला घाट, जिथे सगळेच रंग सारखे फिके झालेत आणि त्यांचं आपापसातलं नातं टिकवायचंय, तिथे +८ किंवा +१० सॅच्युरेशन मला जास्त प्रामाणिक वाटतं. सगळ्यांना एकेक पळी, कोणाचा रुसवा नाही. शिवाय ते उणे करायला फार चांगलं. फोनचे कॅमेरे फोटो काढतानाच रंग चढवून ठेवतात, तेव्हा पहिली पायरी म्हणून सॅच्युरेशन -१० करून पाहा.

कासच्या पठारावरचं प्रकरण वेगळंच. सप्टेंबरात तेरड्याचा गुलाबी गालिचा, मध्ये कवळ्याची पिवळी फुलं आणि ओलसर जागी सीतेची आसवं. ही आसवं जांभळी, पण कॅमेऱ्यात बऱ्याचदा निळी येतात. लोक जांभळा परत आणायला सॅच्युरेशन वाढवतात, मग व्हायब्रन्स वाढवतात, आणि हाती येतो अधिक कडक निळा. कारण रंग फिका नव्हता, चुकला होता. हे दोन्ही स्लायडर रंगाला बळ देतात, त्याची जात बदलत नाहीत. त्यासाठी कलर मिक्सरमधला, म्हणजे एकेक रंग वेगळा हाताळायच्या पॅनेलमधला, ह्यू आहे : निळ्याला थोडं जांभळ्याकडे सरकवा, काम होतं.

म्हणून कोणाच्या फोटोखाली 'सॅच्युरेशन जास्त झालंय' असं लिहिण्याआधी मी आता थोडा थांबतो. एकच रंग भडकलाय की सगळेच? पांढरं निळं पडलंय का? की समोरच्याने फोन रंग भडक दाखवणाऱ्या 'व्हिव्हिड' स्क्रीनवर ठेवून एडिट केलंय आणि त्याला फोटो दिसतोच वेगळा? "दादा, फक्त पिवळा रंग सांडलाय" एवढं सांगितलं तर माणूस चिडत नाही आणि त्याला नेमकं काय करायचं तेही कळतं. सांडलंय का हे तपासायला लाइटरूमच्या हिस्टोग्रामच्या, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या आलेखाच्या, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण बघावा. तो रंगीत झाला की लाल, हिरवा, निळा यांपैकी कुठल्यातरी आकड्याने हद्द गाठली.

जेजुरीचा तो फोटो मी मागच्या महिन्यात रॉ फाइलवरून, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या माहितीच्या फाइलवरून, पुन्हा केला. बारा-चौदा बिटांची फाइल असल्याने भंडाऱ्यातले बारीक फरक शाबूत होते. सॅच्युरेशन -६, व्हायब्रन्स +२०, आणि कलर मिक्सरमध्ये पिवळ्याचं ल्युमिनन्स -१५, म्हणजे पिवळा थोडा काळोखा. (-३० केलं तर हळदीचं शेण होतं, करून बघितलंय.) आता भंडाऱ्याचा कण न् कण दिसतो, पायऱ्यांचा दगड दगडासारखा दिसतो, कान कानासारखे. दोन्ही फोटो ग्रुपवर आहेत. लाइक अजून पहिल्यालाच जास्त आहेत.