नाणं ग्रेडिंगला पाठवायचंय? आधी पात्रता तपासा, मग फॉर्म भरा

नाण्यांच्या ग्रेडिंगचा, म्हणजे तज्ज्ञ संस्थेकडून नाण्याचा अस्सलपणा आणि अवस्था तपासून त्याला श्रेणी घेण्याचा, अर्ज भरणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. वेळ लागतो तो त्याआधीच्या निर्णयाला. हातातलं नाणं सरळ ग्रेडिंगला पाठवायचं, आधी कॉन्झर्वेशनला (तज्ज्ञांकडून त्यावरचा हानिकारक थर काढून घ्यायला) द्यायचं, की आहे तसं घरीच ठेवायचं? हा निर्णय चुकला की शुल्क, टपालखर्च आणि दोन-तीन महिने वाया जातात. कधी कधी नाणंही हातचं जातं. मी स्वतः या तिन्ही चुका केल्या आहेत, म्हणून इथे फॉर्मपेक्षा पात्रतेबद्दल जास्त लिहिलं आहे.

संस्था आणि त्यांची मोजपट्टी

जगभरातले संग्राहक प्रामुख्याने दोन अमेरिकन संस्थांकडे नाणी पाठवतात. पीसीजीएसचं काम १९८६ साली सुरू झालं आणि एनजीसीचं १९८७ साली. एएनएसीएस त्याहून जुनी. ती १९७२ साली फक्त नाण्यांचा अस्सलपणा तपासण्यासाठी सुरू झाली, ग्रेडिंग तिने नंतर हाती घेतलं. सीएसी ही संस्था २००७पासून इतरांनी ग्रेड केलेली नाणी पुन्हा तपासून, श्रेणीला साजेसं नाणं असेल तर स्लॅबवर, म्हणजे ग्रेड केलेलं नाणं ज्या कडक प्लॅस्टिकच्या पेटीत लेबलसकट बंद करतात तिच्यावर, हिरवा स्टिकर लावते. २०२३पासून तिच्या नावाने स्वतंत्र ग्रेडिंगही सुरू झालं आहे.

सगळ्यांची मोजपट्टी एकच, १ ते ७०. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली ती जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. ६० ते ७० म्हणजे चलनात न वापरलेलं नाणं, ५० ते ५८ म्हणजे जेमतेम झिजलेलं, आणि त्याखाली झीज वाढत जाते. ६३ आणि ६५ या आकड्यांत कागदावर दोनचाच फरक दिसतो, पण काही नाण्यांच्या बाबतीत त्या दोन अंकांनी किंमत कित्येक पट बदलते.

प्राचीन नाण्यांचा हिशेब वेगळा आहे. एनजीसीच्या प्राचीन विभागात झिजेची श्रेणी शब्दांत देतात आणि शिवाय छापाला व पृष्ठभागाला पाचपैकी गुण देतात. नकली वाटलेलं नाणं ते स्लॅबमध्ये बंद करत नाहीत, पण अस्सलपणाची लेखी हमीही देत नाहीत. प्राचीन नाणं पाठवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे स्लॅब हातात आल्यावर कळतं.

अर्ज कोण करू शकतं

तीन वाटा आहेत. संस्थेचं सभासदत्व घेऊन स्वतः थेट पाठवणं, अधिकृत विक्रेत्यामार्फत पाठवणं, किंवा मोठ्या नाणेप्रदर्शनात संस्थेच्या टेबलावर नाणी जमा करणं. सभासदत्वाच्या प्रत्येक प्रकारात थेट पाठवण्याचा हक्क असतोच असं नाही, तेव्हा पैसे भरण्याआधी ते वाचून घ्या. वर्षाला चार-पाचच नाणी पाठवायची असतील तर विक्रेत्यामार्फत जाणं बरं. अनुभवी विक्रेता नाणं पाहून "हे पाठवू नका" म्हणाला, तर त्या एका वाक्यात तुमचे पैसे वाचतात. मात्र त्याच्याकडून जमा पावती घ्या आणि त्यावर प्रत्येक नाण्याचं वर्णन लिहून घ्या.

नाणं पात्र आहे का, हे दिव्याखाली ठरतं

खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. एकच प्रखर, पिवळसर प्रकाशाचा दिवा ठेवा. टेबलावर मऊ कापड अंथरा आणि नाणं कडेने धरा. आता ते हळूहळू तिरपं करत फिरवा. मूळ झळाळी शाबूत असेल तर प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे पृष्ठभागावरून फिरतात. साच्याखाली दाबलं जाताना धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात. तो फिरता प्रकाश त्या रेषांचा असतो. रसायनात वारंवार बुडवलेल्या नाण्यावर त्या रेषा विरघळून गेलेल्या असतात. तिथे नाणं पांढरं दिसतं, पण प्रकाश एका जागी थबकून राहतो.

मग पाच ते दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून मोकळी जागा बघा, म्हणजे चेहऱ्याचा गाल, नावाच्या मागचा सपाट भाग. पिशवीत नाण्यावर नाणं आपटून झालेले ओरखडे आखूड, खोल आणि वाटेल त्या दिशेला असतात. त्यांनी श्रेणी उतरते, पण नाणं अपात्र होत नाही. एकाच दिशेला जाणाऱ्या केसासारख्या बारीक रेघांचा जुडगा दिसला तर कुणीतरी ते कधीतरी कापडाने पुसलं आहे. असं नाणं 'डिटेल्स' होऊन येतं, म्हणजे अंकाऐवजी "झीज अमुक इतकी, पण साफ केलेलं" एवढाच शेरा. पीसीजीएसच्या नोंदींत साफ केलेल्या नाण्याचा संकेतांक ९२ आहे आणि हवामानाने किंवा मातीने खराब झालेल्याचा ९७. पूर्वी अशी नाणी स्लॅबशिवाय, साध्या पाकिटात परत यायची. आता बहुतेक अस्सल नाणी स्लॅबमध्ये येतात, पण शेऱ्यासकट.

डिटेल्स म्हणजे नाणं टाकाऊ, असं मी मानत नाही. दुर्मिळ वर्षाचं नाणं असेल आणि नकली नाणी भरपूर फिरत असतील, तर अस्सलपणाचं प्रमाणपत्रच मोलाचं असतं. उदाहरणार्थ १९०९ सालचा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा, मागे व्हीडीबी ही आद्याक्षरं असलेला लिंकन सेंट. साध्या सेंटवर टांकसाळीचं अक्षर चिकटवून तो नकली करण्याचा उद्योग फार जुना आहे. तिथे शेरा पडला तरी पाठवावं. सहज मिळणाऱ्या नाण्यावर मात्र पुसल्याच्या रेघा दिसल्या तर तिथेच थांबावं.

कॉन्झर्वेशन कशासाठी असतं

इथेच सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. कॉन्झर्वेशन म्हणजे नाण्यावर बाहेरून आलेलं, त्याला हानी करणारं काढून टाकणं: मऊ प्लॅस्टिकचा चिकट थर, जुनी चिकटपट्टी, तेल, धूळ, काही प्रकारचे डाग. ओरखडे बुजवणं, झिजलेली अक्षरं कोरणं, भोक भरणं ही दुरुस्ती झाली आणि तिच्यामुळे नाणं कायमचं डिटेल्समध्ये जातं. एनजीसीची याच कामासाठी एनसीएस ही संलग्न संस्था आहे. पीसीजीएसमध्ये 'रिस्टोरेशन' या नावाने ही सेवा मिळते. १८६५ साली बुडालेलं एसएस रिपब्लिक हे जहाज २००३ साली सापडलं, तेव्हा त्यातल्या हजारो नाण्यांवरचे समुद्रतळाचे थर एनसीएसने काढले. सोनं पाण्यात टिकलं होतं. चांदीच्या बऱ्याच अर्ध्या डॉलरांचा पृष्ठभाग मात्र खाऱ्या पाण्याने खाल्ला होता. थर निघाला, खाल्लेला धातू परत आला नाही. अशा नाण्यांच्या लेबलवर समुद्राच्या परिणामाची नोंद असते.

माझ्याकडे १८८१ सालचा, सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा मॉर्गन डॉलर (चांदीचं अमेरिकन नाणं) होता. बरीच वर्षं तो मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात पडून होता. एकदा दिव्याखाली धरला तर स्वातंत्र्यदेवतेच्या कानाजवळ, केसांच्या बटांमधल्या खाचांत हिरवट, तेलकट पातळ थर दिसला. ते पीव्हीसी. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य पाझरतं, नाण्यावर बसतं आणि हळूहळू धातूला खायला लागतं. मी ते साधी घाण समजलो आणि नाणं सरळ ग्रेडिंगला पाठवलं. ते ग्रेडशिवाय परत आलं. दुसऱ्या खेपेला कॉन्झर्वेशनच्या रकान्यात खूण केली, थर निघाला, खालची झळाळी शाबूत होती आणि नाणं ६४ श्रेणीत बंद होऊन आलं. धातूत शिरण्याआधी थर निघाला, म्हणून हे जमलं.

त्याच सुमारास तांब्याचा एक सेंट मी घरी आम्लाच्या द्रावणात बुडवला. दोन सेकंदांत तो नव्या विजेच्या तारेसारखा भडक नारिंगी झाला. तांब्याला तो रंग टांकसाळीतही नसतो. "रंग संशयास्पद" असा शेरा घेऊन तो परत आला आणि यावर कॉन्झर्वेशनवाल्यांकडेही इलाज नाही. शुद्ध ॲसिटोनमध्ये पीव्हीसी विरघळतं आणि चांदी-सोन्याला त्याने काही होत नाही, हे खरं आहे. पण ते पटकन पेट घेतं, आणि त्यात बुडवलेलं नाणं नंतर पुसायचा मोह आवरत नाही. किमती नाण्यावर हा प्रयोग करू नका, ही कळकळीची विनंती.

हिरवं दिसलं की पीव्हीसीच, असंही नाही. तांब्याच्या नाण्यावरचा कडक, खवल्यासारखा हिरवा डाग म्हणजे धातूच गंजला आहे. तो काढला की खाली खड्डा दिसतो. आधुनिक चांदीच्या नाण्यांवर दुधाळ पांढरे ठिपके येतात, तेही भरवशाने निघत नाहीत आणि स्लॅबमध्ये बंद झाल्यावरही उमटू शकतात. सुंदर, नैसर्गिक टोनिंग (काळाबरोबर पृष्ठभागावर चढलेला रंग) असेल तर कॉन्झर्वेशनला पाठवूच नका. निळ्या-जांभळ्या रंगाचा तो थर म्हणजे नाण्याचं वय आहे आणि त्यासाठी जास्त मोजणारे संग्राहक आहेत.

कॉन्झर्वेशनचा अर्ज केला म्हणजे काम होईलच असं नाही. तज्ज्ञ आधी नाणं तपासतात, फायदा दिसला नाही तर हात लावत नाहीत, आणि तपासणीचं शुल्क लागू शकतं. त्यानंतर नाणं परस्पर ग्रेडिंगला जावं, अशी सूचना त्याच फॉर्मवर देता येते. एकदाचा टपालखर्च वाचतो.

फॉर्म आणि कागदपत्रं

फॉर्म ऑनलाइन भरून छापायचा. पार्सलसोबत हे हवं:

- सही केलेला अर्ज. प्रत्येक सेवाप्रकाराला स्वतंत्र अर्ज
- सभासद क्रमांक आणि शुल्क भरण्याचा तपशील
- प्रत्येक नाण्याची ओळ: देश, वर्ष, टांकसाळ, दर्शनी मूल्य, जाहीर किंमत
- परतीचा पत्ता आणि परतीच्या विम्याचा पर्याय
- दुसऱ्या देशातून पाठवत असाल तर कस्टमचं घोषणापत्र आणि बिल किंवा मालकीचा पुरावा

शेवटच्या मुद्द्याला जपून. अनेक देशांत ठरावीक वयाहून जुनी नाणी पुरावस्तू मानली जातात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा ठरतो. नाणं ग्रेडिंगनंतर परत येणार आहे, हा बचाव चालत नाही. आपल्या देशाचा नियम आधी लेखी माहीत करून घ्या.

जाहीर किमतीच्या रकान्यात लोक हात आखडतात. सेवाप्रकारांना किमतीची कमाल मर्यादा असते, आणि स्वस्त प्रकारात बसवण्यासाठी आकडा कमी लिहिला जातो. तज्ज्ञांना किंमत जास्त वाटली तर नाणं वरच्या प्रकारात ढकलून फरक वसूल होतो. आणि पार्सल गहाळ झालं तर भरपाई तुम्ही लिहिलेल्या आकड्यापुरतीच. आज विकलं तर जे मिळेल, ते लिहा.

साच्यातल्या बारीक फरकाचं नाणं असेल, तर त्या प्रकाराची नोंद लेबलवर यावी म्हणून वेगळा रकाना भरावा लागतो आणि वेगळं शुल्क पडतं. तो रिकामा सोडला तर लेबलवर नुसतं वर्ष आणि टांकसाळ येते. नाणं आधीच दुसऱ्या संस्थेच्या स्लॅबमध्ये असेल तर 'क्रॉसओव्हर' निवडा, किमान मान्य श्रेणी लिहा आणि स्लॅब फोडू नका. ती श्रेणी मिळाली नाही तर नाणं जुन्या स्लॅबमध्येच परत येतं, शुल्क मात्र लागतं.

पॅकिंग

प्रत्येक नाणं पीव्हीसी नसलेल्या, मायलारच्या फ्लिपमध्ये, म्हणजे छोट्या पारदर्शक पाकिटात, ठेवा. स्टेपलची पिन कुठेही नको. पिन काढताना नाण्यावर ओरखडा पडतो आणि तो तुमच्या नावावर जातो. फ्लिपवरचे क्रमांक अर्जातल्या ओळींशी जुळवा. फ्लिपांचा गठ्ठा दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधा आणि खोका हलवून बघा, आतून आवाज यायला नको. बाहेर 'नाणी' हा शब्द लिहू नका. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो आधी काढून ठेवा. पार्सल नोंदणीकृत आणि विमा उतरवलेलं असावं.

आत काय होतं आणि नंतर काय

पोहोचल्याची नोंद, अर्जाची पडताळणी, ग्रेडिंग, स्लॅबमध्ये बंद करणं, अंतिम तपासणी, रवानगी, असे टप्पे ऑनलाइन दिसतात. ग्रेडरना मालकाचं नाव दिसत नाही. एकाहून जास्त तज्ज्ञ स्वतंत्रपणे नाणं पाहतात आणि मग श्रेणी ठरते. एनजीसीच्या ग्रेडरना नाण्यांची खरेदी-विक्री करायला मनाई आहे.

श्रेणी पटली नाही तर फेरतपासणी मागता येते. पीसीजीएसच्या 'रिकन्सिडरेशन' प्रकारात नाणं स्लॅबमध्येच ठेवून पाहतात आणि श्रेणी वाढली तरच नवा स्लॅब देतात. माझं मत असं की निकाल आल्यावर महिनाभर थांबावं, त्याच श्रेणीची चार नाणी शेजारी ठेवून बघावी आणि मगच पैसे भरावेत. हमीच्या अटीही वाचाव्यात. १ जानेवारी २०१०पासून पीसीजीएसने ग्रेड केलेल्या तांब्याच्या नाण्यांच्या रंगाची हमी नाही, कारण तांबं स्लॅबमध्येही काळवंडत राहतं.

पार्सल परत आलं की तीन गोष्टी त्याच दिवशी करा. लेबलवरचं वर्ष आणि टांकसाळ नाण्याशी ताडून पाहा. छपाईतली चूक संस्था दुरुस्त करून देते. प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या नोंदीत शोधा. आणि तिथे नाण्याचा फोटो असेल तर तुमच्या जुन्या फोटोशेजारी ठेवून खुणा जुळवा, कारण नकली स्लॅबही बाजारात आहेत आणि पुढे हे नाणं विकायला काढाल तेव्हा घेणारा हीच जुळणी मागेल.