प्राणिसंग्रहालयातील पिंजऱ्यांची फेररचना

शहरातल्या जुन्या प्राणिसंग्रहालयातील लोखंडी गजांचे पिंजरे काढून त्यांच्या जागी मोकळी आवारे, रात्रीच्या खोल्या आणि विलगीकरण कक्ष उभारण्याचे काम. मराठवाड्यातील ठळक उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगर महापालिकेचे सिद्धार्थ उद्यान. तिथली जागा अपुरी पडू लागल्याने शहरालगत मिटमिटा येथे सफारी पार्कचे काम हाती घेण्यात आले.

देशातील प्राणिसंग्रहालयांना केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. हे प्राधिकरण 1992 साली स्थापन झाले. 2009 च्या नियमावलीनुसार वाघाच्या जोडीला किमान 1000 चौरस मीटरचे मोकळे आवार, तर बिबट्याच्या जोडीला 500 चौरस मीटरचे आवार हवे. वाघाची रात्रीची खोली निदान 2.75 मीटर लांब, 1.80 मीटर रुंद आणि 3 मीटर उंच असावी लागते. त्याच वर्षी प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असा आदेश काढला. सिद्धार्थ उद्यानातील दोन हत्तिणीही पुढे विशाखापट्टणमला गेल्या.

काम मागच्या बाजूने सुरू करावे. प्रेक्षकांना दिसणारा भाग आधी सजवला की पैसा तिथेच संपतो आणि जनावर जुन्याच अंधाऱ्या खोलीत राहते. प्रत्येक जनावरामागे एक खोली आणि शिवाय एक रिकामी, एवढी सोय असल्याशिवाय साफसफाई व उपचार नीट होत नाहीत. खोल्यांची दारे वर सरकणारी असतात आणि रक्षक ती बाहेरच्या गल्लीतून तारदोराने ओढतो. बिघाड बहुतेक वेळा इथेच होतो. खाचेत माती आणि हाडांचा चुरा साचून दार अर्ध्यावर अडकते किंवा गंजलेला दोर तुटतो. म्हणून रोज झाडताना खाच मोकळी करायची, दोराला ग्रीस लावायचे आणि दार खाली आल्यावर त्याला बाहेरून खिटी घालायची. ही खिटी विसरणे ही सर्वांत धोकादायक चूक आहे.

मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. तिच्यावर टेकवलेली खंदकाची भिंत दोन-तीन पावसाळ्यांत कलते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा. निव्वळ काँक्रीटच्या जमिनीवर वाघाच्या कोपरांना घट्टे पडतात. आवारात मातीच हवी, पण लघवीने मुरलेला वरचा थर दर उन्हाळ्यात बदलावा. पाणी रोज येत नसलेल्या शहरात डुंबण्याचे टाके आणि पिण्याची साठवण वेगळी ठेवावी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. तेव्हा कूलर आणि ओल्या गोणपाटाबरोबर आवारात सावलीच्या निदान दोन जागा हव्यात, कारण एकच असली की दांडगा नर ती अडवून बसतो.

स्थलांतर हिवाळ्यात, पहाटे करावे. वाहतुकीचा पिंजरा काही आठवडे आधी जुन्या खोलीच्या दाराशी पक्का बांधून ठेवतात, त्याचे दार उघडे राखतात आणि रोजचे मांस आतच देतात. घाईने काठीने ढोसले किंवा पाणी मारले, की वाघ त्या दाराकडे पुन्हा वळत नाही. भुलीची सुई हा शेवटचा उपाय, कारण भुलीत शरीराचे तापमान झपाट्याने वाढू शकते. नव्या खोलीत दोन-चार दिवस बंद ठेवून, जुन्या खोलीतला ओंडका वासासाठी आत टाकून, मग उपाशीपोटी आवारात सोडतात. भूक लागली की तो आपणहून खोलीत परततो.

हरणांची रीत निराळी आहे. चितळ, काळवीट बिथरले की जाळीवर आदळून मान मोडून घेतात. पाठलागाच्या धसक्यानेच स्नायू निकामी होऊन काही दिवसांनी दगावणारेही असतात. म्हणून हिरव्या कापडाच्या दोन भिंती नरसाळ्यासारख्या उभारून, चाऱ्याच्या ओढीने त्यांना हळूहळू अरुंद टोकाकडे नेतात. नव्या आवाराच्या कुंपणावर पहिले काही आठवडे कापड टांगतात, म्हणजे कुंपण त्यांच्या नजरेत भरते. मग कापड एकदम न काढता दर काही दिवसांनी थोडे थोडे उतरवतात.

बाहेरून आलेल्या प्रत्येक जनावराला किमान 30 दिवस वेगळे ठेवावे लागते. त्या कक्षाचा रक्षक, झाडू आणि बादली इतर पिंजऱ्यांकडे जाता कामा नये.