स्क्रूला हात लावण्याआधी टाकी बघा

पावसाळ्याआधीच्या छाटणीची वेळ आली की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये वर्षभर कोपऱ्यात पडलेली चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, बाहेर निघते. दोरी ओढून ओढून दंड भरून येतात. चालू झालीच, तर रेस दिल्यावर घुटमळते आणि बंद पडते. मग हात जातो कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, स्क्रूकडे, आणि तिथेच चुकतं. मागच्या मोसमात मशीन नीट चालत होतं ना? मग दोष बहुधा टाकीतल्या पेट्रोलचा.

आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. इथल्या दमट हवेत, झाकण सैल असेल तर, पाणी हळूहळू साठत जातं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्यासह तळाला बसतं. वंगणासाठी मिसळलेलं ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आता टाकीतला फिल्टर पाहा: चेनसॉ कशीही तिरपी धरली तरी पेट्रोल मिळावं म्हणून तो मुद्दाम जड केलेला असतो आणि नळीच्या टोकाला तळाशी लोळतो. म्हणजे इंजिन नेमका बिनऑइलचा थर ओढतं. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनला वंगण मिळतं ते पेट्रोलमधल्या ऑइलचंच. ते नसेल तर पिस्टनवर उभे ओरखडे पडतात.

टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून थोडा वेळ ठेवा. दोन थर दिसले किंवा गढूळ वाटलं तर ते वापरू नका, गटारातही ओतू नका. ताज्या १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल घाला. मशीनच्या पुस्तकात वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर काढून नवाच बसवा. हवेच्या फिल्टरवरचा भुसा झटका. स्पार्क प्लगची गॅप साधारण ०.५ मिमी हवी. टोक चॉकलेटी असेल तर ठीक, काळं-ओलं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं असेल तर हवा जास्त.

दहा मिनिटं चालून बंद पडते आणि झाकण उघडताना ‘फुस्स’ होऊन हवा आत जाते? टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा आत घेणारं छिद्र, तुंबलाय.

एवढं करूनही रेस देताना मरते, तर कार्बोरेटर उघडून त्यातला डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा, बोटाने दाबा. तो मऊ हवा. जुन्या कागदासारखा ताठ झाला असेल तर कार्बोरेटरचं पूर्ण दुरुस्ती किट बदला.

स्क्रूची पाळी यानंतर. पूर्ण रेसवरचं पेट्रोल ठरवणारा ‘एच’ स्क्रू आत फिरवला की पेट्रोल कमी होतं, आवाज चढतो आणि मशीन जोरात आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते तापत असतं. पूर्ण रेसवर, लाकडाला न टेकवता, आवाज किंचित फुटका यायला हवा आणि कापायला लागताच साफ व्हायला हवा. रेस सोडल्यावर साखळी फिरत राहिली तर आयडल स्क्रू, म्हणजे रेस सोडल्यावरचा वेग ठरवणारा, कमी करा. तरीही फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग तपासल्याशिवाय तिला झाडाजवळ नेऊ नका.