बटण न दाबणारी डॉक्टर

सिनेमा सुरू होतो तेव्हा एक बाई लोखंडी दारावर थापा मारत उभी असते. दार उघडत नाही. ती थापा मारतच राहते. रॉबेर्तो बर्लिनर यांच्या २०१५ सालच्या ब्राझिलियन चित्रपटातली ही बाई म्हणजे मनोविकारतज्ज्ञ नीझी दा सिल्वेरा. भूमिका ग्लोरिया पिरेस यांची.

नीझींचा जन्म १९०५ चा. मार्क्सवादी पुस्तकं बाळगली म्हणून १९३६ मध्ये तुरुंगवास, मग नोकरीतून बाहेर. १९४४ मध्ये त्या रिओच्या एंजेन्यो दे देंत्रो भागातल्या मनोरुग्णालयात रुजू झाल्या, तोवर त्यांचं शास्त्र पार बदललं होतं. १९३५ मध्ये लिस्बनला मेंदूच्या पुढच्या भागाला आतल्या भागांशी जोडणारे तंतू तोडायची शस्त्रक्रिया सुरू झाली होती, १९३८ मध्ये रोमला विजेचे झटके. एका सहकाऱ्याने झटका देऊन दाखवला आणि पुढच्या रुग्णासाठी बटण दाबायला सांगितलं. नीझींनी नकार दिला.

इथे सिनेमावर माझा एक आक्षेप आहे. झटका म्हणजे छळ, असाच ग्रह घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. या उपचारात खरं काम मेंदूत उठवलेली आकडी करते, वीज हे फक्त तिचं निमित्त. तेव्हा भूल न देता झटके देत, स्नायू इतके आवळत की कधी मणका मोडे. आज भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच झटके देतात. भारतात तर २०१७ च्या कायद्याने त्याशिवाय ते देताच येत नाहीत. अन्नपाणी सोडलेल्या, तीव्र नैराश्यातल्या माणसाचा जीव या उपचाराने वाचू शकतो. नीझींचा नकार त्यांच्या काळापुरता बरोबरच होता, पण तो आजच्या रुग्णाच्या नातेवाइकांनी उसना घेऊ नये.

नकाराची शिक्षा म्हणून की काय, वाट्याला आला व्यवसायोपचार विभाग. व्यवसाय कसला, झाडलोट! १९४६ मध्ये नीझींनी तिथे रंग, कुंचले, माती आणली. मदतीला आल्मीर माविन्येर हा तरुण चित्रकार. रुग्णांना त्या ‘क्लायंट’ म्हणत, आणि कुत्र्यामांजरांना सहउपचारक. स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकारात भावना आटून जातात, असं तेव्हाचं शास्त्र मानत होतं. इथे तर वर्षानुवर्षं गप्प असलेली माणसं कागदामागून कागद रंगवत सुटली. त्यांत वर्तुळं वारंवार येत. नीझींनी त्यांची छायाचित्रं १९५४ मध्ये स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगना धाडली. विस्कटलेलं मन स्वतःला सावरू पाहतं तेव्हा अशी मंडलं उमटतात, हे युंग यांचं मत. ते प्रयोगाने तपासायचं कसं, हा प्रश्न राहतोच. चित्रं मात्र खरी होती. १९५२ मध्ये त्यांचं संग्रहालय झालं, आज तिथे साडेतीन लाखांवर कलाकृती आहेत.

त्यांतल्या लुसिओ या रुग्णाच्या शिल्पांपाशी मी अडकतो. तो मातीचे योद्धे घडवायचा. १९४९ मध्ये साओ पावलोला या रुग्णांच्या कलेचं प्रदर्शन भरलं, त्यात त्याची शिल्पं होती. त्याच सुमारास, नीझींच्या विरोधाला न जुमानता, त्याच्या मेंदूवर ती तंतू तोडायची शस्त्रक्रिया झाली. नंतरही त्याच्या हातात माती दिली गेली. योद्धे काही परतले नाहीत. शस्त्रक्रियेचे जनक एगास मोनिझ यांना नोबेल मिळालं तेही १९४९ मध्येच.